बाळंतिणीजवळची बाई

विदर्भात लग्नं उन्हाळ्यात होतात आणि कापूस दिवाळीच्या आसपास फुटतो. त्यामुळे वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट तालुक्यात वेचणीच्या दिवसांत चौथा-पाचवा महिना लागलेल्या नव्या सुना शेतात दिसतातच. कमरेला फडकं बांधलेलं, त्यात कापूस, दिवसभर वाकणं आणि मजुरी किलोवर. अशा बाईला ‘गरोदरपणात योगा करत जा’ असं सांगताना आधी जरा थांबावं लागतं. तिच्या अंगाला हालचाल कमी पडलेली नाही. तिला कमी पडतो तो आराम, कमी पडतं ते अंगातलं रक्त, आणि शेवटच्या दिवशी हात धरायला जवळ माणूस नसतं.

वणा नदीकाठचं हे गाव कापसावर वाढलं. इंग्रजांच्या काळात ‘हिंगणघाट’ हे इंग्लंडच्या बाजारात कापसाचंच एक नाव होतं. पुढे गिरण्या आल्या. नागपूर-हैदराबाद महामार्ग गावाला लागून जातो, दिल्लीहून चेन्नईला जाणाऱ्या गाड्या इथूनच पुढे बल्लारशाकडे जातात. गावात उपजिल्हा रुग्णालय आहे, खाजगी प्रसूतिगृहं आहेत, आणि गुंतागुंत दिसली की सेवाग्राम, सावंगी नाहीतर नागपूर गाठायचं हे घराघरात ठरलेलं आहे. म्हणजे बाळंतपणाची सोय नाही असं हिंगणघाटला म्हणता येणार नाही. सोय आहे. सोबत किती आहे, हा प्रश्न वेगळा, आणि तो फक्त हिंगणघाटचा नाही.

पुण्या-मुंबईत गेल्या काही वर्षांत ‘डूला’ नावाची एक व्यावसायिक बाई बाळंतपणात दिसू लागली आहे. गरोदरपणात ती घरी येते, मनातली भीती ऐकून घेते, कळा कशा येतात ते समजावते, नवऱ्याला कामं वाटून देते. कळा सुरू झाल्या की ती दवाखान्यात बरोबर असते आणि बाळंतपणानंतर अंगावर पाजण्यापासून रात्रीच्या जागरणापर्यंत मदत करते. ती नर्स नाही, दाईही नाही. ती आतून तपासत नाही, इंजेक्शन देत नाही, बाळ झेलत नाही. कळ आली की कंबर दाबून धरते, घोटभर पाणी पाजते, ‘ही कळ आता ओसरतेय’ असं सांगते, डॉक्टर काय म्हणून गेले ते सोप्या शब्दांत परत सांगते. आणि ड्युटी बदलली तरी ती जात नाही. माझ्या मते तिच्या सगळ्या कामात हे शेवटचं काम मोठं आहे.

हे वाचून हिंगणघाटची कुठलीही आजी म्हणेल की यात नवीन ते काय, आमच्या वेळी चार बाया जवळ असायच्याच. खरं आहे. पण जुन्या बाळंतपणाचं कौतुक करायला बसलं की काही गोष्टी सोयीने विसरल्या जातात. बाळंतिणीला अंधाऱ्या खोलीत ठेवायचं, धुरी द्यायची, पाणी मोजून प्यायला द्यायचं, चिकाचं दूध पिळून टाकून बाळाला मध नाहीतर गुळाचं पाणी चाटवायचं, हे सगळं त्याच चार बायांच्या देखरेखीखाली होत होतं. सुईण बहुतेक ठिकाणी अशा जातीची असायची की बाळंतपणाच्या रात्री तिच्याशिवाय पान हलत नसे आणि बारशाच्या दिवशी तिला दारात उभं राहावं लागे. रक्तस्राव थांबला नाही तर तिच्या हातात उपाय नव्हता. त्या काळी किती बाया गेल्या याची नोंद नाही, पण प्रत्येक जुन्या घरात ‘पहिली बाळंतपणात गेली’ अशी एक तरी आठवण निघते.

म्हणून बाळंतपण दवाखान्यात गेलं याचं दुःख करण्याचं कारण नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात शंभरांतली सुमारे ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात. यामागे जननी सुरक्षा योजना आहे, २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, रक्त आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत देणारा जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे, आणि रात्री-अपरात्री बाईला घेऊन निघणारी गावातली आशा सेविका आहे. पण या प्रवासात एक गोष्ट दारात राहिली. आई, सासू, मोठी जाऊ, शेजारची जाणती बाई, सगळ्या लेबर रूमच्या बाहेर बाकावर बसल्या. आत पहिलटकरीण एकटी. आतल्या सिस्टर एकाच वेळी तीन-चार बायांकडे पाहतात, कागद भरतात, सलाईन लावतात. त्यांनी एकीजवळ सहा तास हात धरून बसावं ही अपेक्षाच चुकीची आहे. मग ओरडणाऱ्या बाईला कधीकधी ऐकावं लागतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते इथे लिहिण्यासारखंही नाही.

विदर्भाला ही अडचण शंभर वर्षांपूर्वी दिसली होती. कमलाताई होस्पेट बालविधवा. त्यांनी नागपूरच्या डफरिन रुग्णालयात परिचारिकेचं आणि सुईणपणाचं शिक्षण घेतलं आणि १९२१ साली वेणूताई नेने यांना सोबत घेऊन मातृसेवा संघ काढला. सुरुवात चार खाटांच्या प्रसूतिगृहाने झाली, पुढे विदर्भात त्याच्या शाखा पसरल्या. त्या काळी बाया इस्पितळाला घाबरत. तिथे परकी भाषा, परके हात, विटाळाची धास्ती. आपल्या भाषेत बोलणारी, नऊवारी नेसणारी, जवळ बसणारी नर्स मिळाली तर बाई येते, हे संघाने करून दाखवलं. समाजाने घराच्या कोपऱ्यात बसवलेली एक विधवा दुसरीच्या बाळंतपणात सगळ्यात उपयोगाची ठरली. डूलाची मुळं परदेशात शोधणाऱ्यांनी आधी नागपूरच्या सीताबर्डीतल्या मातृसेवा संघात एक चक्कर मारायला हरकत नाही.

दुसरं नाव सेवाग्रामचं. कस्तुरबा गांधी २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत वारल्या. त्यांच्या आजारपणात जवळ असलेल्या डॉ. सुशीला नायर यांनी पुढच्याच वर्षी सेवाग्रामात बायका-मुलांसाठी पंधरा खाटांचा दवाखाना उभा केला. तोच आजचा कस्तुरबा दवाखाना. १९६९ साली त्याला जोडून देशातलं पहिलं ग्रामीण मेडिकल कॉलेज निघालं. ऐंशीच्या दशकात आसपासच्या गावांतले लोक सुगीत ज्वारी देऊन इथे आरोग्यविमा उतरवत. आज हिंगणघाटकर ‘सेवाग्रामला रेफर केलं’ असं धास्तीने म्हणतात, पण या मोठ्या दवाखान्याच्या पहिल्या खाटा बायका-मुलांसाठीच घातल्या गेल्या होत्या.

आता सोबतीचा उपयोग होतो याचा पुरावा. १९८० साली सोसा, केनेल आणि क्लाउस या डॉक्टरांनी ग्वाटेमालातल्या एका गजबजलेल्या सरकारी दवाखान्यातला अभ्यास छापला. तिथेही नातेवाइकांना आत सोडत नसत. काही बायांजवळ एक अनोळखी, वैद्यकीय शिक्षण नसलेली बाई सतत बसवली. तिने पाठ चोळायची, हात धरायचा, बोलत राहायचं, एवढंच. ज्यांना ही सोबत मिळाली त्यांच्या कळांचा काळ कमी झाला, अडचणीही कमी आल्या. १९९१ मध्ये ह्यूस्टनच्या ४१२ बायांवरचा तसाच प्रयोग छापून आला. सोबत असलेल्यांत सीझरचं प्रमाण ८ टक्के, नेहमीच्या पद्धतीने एकट्या असलेल्यांत १८ टक्के. २०१७ साली अशा २६ अभ्यासांचा, १७ देशांतल्या पंधरा हजारांहून अधिक बायांचा एकत्र हिशेब मांडला गेला, आणि निष्कर्ष तोच निघाला: सलग सोबत मिळालेल्या बाया आपोआप बाळंत होण्याचं प्रमाण जास्त, सीझर कमी, आणि ‘माझं बाळंतपण वाईट झालं’ असं म्हणणाऱ्याही कमी. या सोबतीला ना यंत्र लागतं ना औषध. नवं औषध असतं तर कंपन्यांनी गल्लोगल्ली जाहिराती लावल्या असत्या.

सरकारला हे पटलं नाही असंही नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने सरकारी दवाखान्यांत बाळंतपणाच्या वेळी एक सोबतीण आत ठेवायला परवानगी दिली. अटी साध्या आहेत. ती नात्यातली असावी आणि स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी. तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत. पूर्ण वेळ थांबायची तयारी हवी, कर्मचाऱ्यांच्या कामात तिने लुडबूड करू नये आणि दुसऱ्या बाळंतिणीची कामं अंगावर घेऊ नयेत. खोलीत आडोसा असेल तर नवऱ्यालाही आत घेता येतं. २०१७ च्या अखेरीस आलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात लेबर रूमच्या तपासणीतही सोबतिणीचा मुद्दा आला. परवानगी कागदावर आहे. पण ती माहीत असलेली सासू शोधून काढावी लागते.

अडतं कुठे? एका खोलीत तीन टेबलं आणि मध्ये पडदा नसेल तर एकीची सोबतीण दुसरीच्या लाजेवर उठते. पडद्याचा दांडा, बसायला स्टूल, पाण्याचा ग्लास आणि दारावर मराठीत लावलेला नियम, एवढ्याने निम्मं काम होईल. उरलेलं निम्मं सोबतिणीच्या शहाणपणाचं आहे. ‘एवढ्यात ओरडते वं, आमाले तं सात झाले’ असं म्हणणारी सासू जवळ असण्यापेक्षा नसलेली बरी. म्हणून सोबतिणीला आठव्या महिन्यातच तासभर शिकवायला हवं. पाठ कुठे दाबायची, काय बोलायचं नाही, सिस्टरला कधी हाक मारायची. दवाखान्यात तपासणीच्या दिवशी गरोदर बाईबरोबर जी आलेली असते, तिलाच बसवून हे सांगता येतं. ती तशीही दुपारपर्यंत बाकावरच असते.

नवऱ्याला आत घ्यायचं म्हटलं की आपल्याकडे हसू फुटतं. पण सेवाग्रामच्या शेजारी राहणाऱ्यांना हे माहीत असावं की १९०० सालच्या मे महिन्यात डरबानमध्ये गांधींच्या धाकट्या मुलाचा, देवदासचा जन्म झाला तेव्हा डॉक्टर वेळेवर मिळाले नाहीत आणि बाळंतपण स्वतः गांधींनी केलं. डॉ. त्रिभुवनदासांचं आईला उपदेश करणारं गुजराती पुस्तक वाचून त्यांनी आधीच तयारी केली होती, आणि हे त्यांनी आत्मकथेत न लाजता लिहिलं आहे. नवरा म्हणून त्यांच्या बऱ्याच गोष्टी पटण्यासारख्या नाहीत. ही एक मात्र चांगली जमली.

आता योगाकडे. विदर्भात योगासनं परकी नाहीत. नागपूरच्या रामनगरातल्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने गावोगाव विनामूल्य वर्ग चालवून ती घराघरात नेली. पुण्यात गीताताई अय्यंगार यांनी बायकांच्या योगावर आयुष्यभर काम केलं, गरोदरपणावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं, आणि भिंत, खुर्ची, लोड यांचा आधार घेऊन जड अंगानेही आसन कसं करता येतं ते दाखवलं. हे आधार हिंगणघाटच्या कुठल्याही घरात आहेत. लोड नसला तर गोधडीची वळकटी चालते.

बंगळुरूच्या विवेकानंद योग संस्थेच्या संशोधकांनी २००५ साली ३३५ गरोदर बायांचा अभ्यास छापला. काहींनी रोज तासभर योग केला, काही चालल्या. योग करणाऱ्यांत अडीच किलो किंवा त्याहून जास्त वजनाची बाळं अधिक निघाली, वेळेआधीची बाळंतपणं कमी झाली. आशादायक आहे, पण कोणी योग करायचा आणि कोणी चालायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं, त्यामुळे याच्या आधारावर फार मोठा दावा करता येत नाही. ‘योग केला की सीझर टळतं’ अशी पाटी कुठे दिसली तर तिथून पुढे चालू लागावं. बाळ आडवं असेल, वार खाली असेल, रक्तदाब चढला असेल तर सीझर जीव वाचवतं आणि त्यात बाईचा काही दोष नसतो. गर्भसंस्काराच्या नावाखाली हुशार, गोरं, संस्कारी बाळ विकणाऱ्यांबद्दल तर न बोललेलंच बरं. त्यातलं संगीत ऐकायला हरकत नाही, पण रक्तवाढीची गोळी आधी.

गोळीचं म्हणणं उगाच नाही. आधी सांगितलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के बायांमध्ये रक्त कमी आढळलं. त्यात विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलचा आजार असलेल्या बाईला अंगातलं पाणी कमी झालं, गारठा लागला किंवा दमछाक झाली की वेदनेचा झटका येऊ शकतो. म्हणून इथे गरोदर बायांचा वर्ग घेणाऱ्या बाईने पहिल्या दिवशी सतरंजी पसरण्याआधी प्रत्येकीचं माता-बाल कार्ड उघडून पाहायला हवं: हिमोग्लोबिन किती, सिकलसेलची तपासणी झाली का, रक्तदाब किती, आधीचं सीझर आहे का. पुण्याच्या पुस्तकात हा क्रम असा सापडणार नाही.

वर्गात काय करायचं? शेतात राबणाऱ्या बाईला आधी टेकायला शिकवायचं. पाचव्या महिन्यानंतर फार वेळ उताणं न पडता डाव्या कुशीवर, गुडघ्यांत उशी घेऊन शवासन. वाकून वाकून आखडलेल्या कमरेला मार्जारासन: हात-गुडघे टेकून पाठ वर-खाली. जांघा मोकळ्या व्हायला भिंतीला टेकून बद्धकोणासन. भ्रामरी आणि लांब, सावकाश उच्छ्वास. कपालभाती, भस्त्रिका, श्वास कोंडणं, पोटावर झोपून करायची आसनं, पोट पिळणारे पीळ हे सगळं बंद. उकिडवं बसणं इथल्या बायांना शिकवावं लागत नाही. उलट वार खाली असेल किंवा गर्भाशयाच्या तोंडाला टाका असेल तर ते नको, एवढं सांगावं लागतं. आणि रक्त जाणं, पाणी जाणं, डोकं सणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, हातापायांवर एकदम सूज, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही झालं की वर्ग सोडून थेट दवाखाना. रुग्णवाहिकेचे १०२ आणि १०८ हे दोन आकडे वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत हवेत.

या सगळ्याचा खरा उपयोग होतो तो कळांच्या वेळी. आणि तिथेच योग आणि सोबत एकमेकांना चिकटतात. नऊ महिने सावकाश श्वास सोडायला शिकलेली बाई सातव्या-आठव्या तासाला सगळं विसरते. कोणीही विसरेल. तेव्हा तिच्या तोंडासमोर तोंड आणून ‘सोड श्वास, सोड, अजून सोड’ असं म्हणणारी बाई लागते. पहिल्या टप्प्यात आडवं न पडता उभं राहणं, चालणं, टेकून डुलणं याने कळांचा काळ सरासरी तास-सव्वा तासाने कमी होतो असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित हिशेबात दिसलं आहे. पण सलाईन लावलेली बाई खाटेवरून एकटी उतरणार कशी? बाटली धरायला, खांदा द्यायला कोणीतरी हवं. ते कोणी नसलं की योगवर्गाची फी वाया गेली समजा, आणि वर्ग फुकट असला तर वेळ वाया गेला समजा.

हिंगणघाटवरून जाणाऱ्या महामार्गाने दक्षिणेला गेलं की हैदराबाद लागतं. तिथल्या फर्नांडिस रुग्णालयाने २०११ पासून प्रशिक्षित मिडवाइफ घडवायला सुरुवात केली, २०१७ पासून तेलंगण सरकार त्यांच्या मदतीने आपल्या नर्सना हे शिक्षण देऊ लागलं, आणि २०१८ च्या अखेरीस केंद्र सरकारने साऱ्या देशासाठी अठरा महिन्यांचा असा अभ्यासक्रम आखला. साधं, बिनधोक्याचं बाळंतपण अशा मिडवाइफच्या हातात असावं आणि डॉक्टर गरजेपुरते, ही त्यामागची कल्पना. पगारी डूला हिंगणघाटला येईल की नाही मला शंका आहे. आलीच तर ती कापूस वेचणाऱ्या बाईच्या वाट्याला येणार नाही. अशी मिडवाइफ आणि जवळ बसलेली शहाणी मावशी, ही जोडी मात्र इथे जमण्यासारखी आहे. आशाला बाईला दवाखान्यात आणण्याचा मोबदला मिळतो. तिथे रात्रभर जवळ बसण्याचं काम त्याहून वेगळं आहे. त्याचा वेगळा दर ठरवायला हवा, आणि तो चहापाण्याइतका नसावा.

बाळ झालं, पेढे वाटले, की सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं. सव्वा महिन्याची आपली रीत यात शहाणी आहे. माहेर, तेल लावून अंघोळ, डिंकाचे-अळिवाचे लाडू, बाळंतशेपा, आणि बाईने काम करायचं नाही हा दंडक. त्यातला कोंडलेल्या खोलीतला धूर आणि पाण्याची मोजणी सोडून द्यावी, बाकी ठेवावं. पण सोबत असूनही मन बुडू शकतं. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बाळंतिणींची पाहणी केली. २००२ साली छापलेल्या त्या अभ्यासात साधारण सहा आठवड्यांनी २३ टक्के बायांमध्ये, म्हणजे चौघींत जवळजवळ एकीला, नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी, अशी कारणं त्यात होती. आपल्याकडे अशा बाईला ‘बाळंतवात झाला’ नाहीतर ‘नखरे करते’ म्हणून मोकळे होतात.

तिच्याकडे पाहायला घरात शिरणारी एकच परकी बाई उरते, ती आशा. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. या भेटींमागे गडचिरोलीचं काम आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. अभय बंग वाढले ते याच वर्धा जिल्ह्यात.

आशा बाळाचं वजन करते, ताप पाहते, आईला रक्तस्रावाचं आणि पाजण्याचं विचारते. याच सहा भेटींत आणखी दोन गोष्टी बसतात. पहिली, झोप लागते का आणि रडू येतं का हे सासूसमोर न विचारता अंगणात नेऊन विचारणं. दुसरी योगातलीच. मूलबंधात जे स्नायू आत खेचतात, तेच खेचायचा व्यायाम अर्नोल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली बाळंतपणानंतरच्या बायांसाठी सांगितला. खोकलं की लघवी सुटणं आणि ‘अंग बाहेर येणं’ हे गावात चार बायांतही बोललं जात नाही. दोन-तीन महिन्यांत परत डोक्यावर ओझं घेणाऱ्या बाईला ते होण्याचा धोका जास्त. हा व्यायाम साध्या बाळंतपणानंतर काही दिवसांतच बाळाला पाजता पाजता बसल्या जागी करता येतो, सीझर झालेल्या बाईने डॉक्टरांना विचारून करावा, आणि बाकीची आसनं दोघींनीही सहा आठवड्यांची तपासणी झाल्यावरच सुरू करावीत. वर्ग घेणारी बाई बाळासकट येऊ देणारी असावी. तासातली पंधरा मिनिटं पाजण्यात आणि रडणं थांबवण्यात जातील, त्याचा हिशेब तिने आधीच धरलेला बरा.